एक खोली, तीन वयं

जानेवारी उजाडला की आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात दोनच विषय असतात. एक अप्रेझल आणि दुसरा नर्सरीची अ‍ॅडमिशन! दुसऱ्याचं टेन्शन पहिल्यापेक्षा जास्त, कारण अप्रेझल निदान दरवर्षी येतं.

परवा कॅंटीनमध्ये टीममधल्या एका मैत्रिणीनं मोबाइलवर लेकीचा होमवर्क दाखवला. लेक तीन वर्षं दोन महिन्यांची. होमवर्क काय, तर पानभर 'ए' गिरवायचा. पोरीनं पानाच्या मधोमध एक भलामोठा गोळा काढला होता आणि मोकळी झाली होती. खाली लाल शाईत शेरा : 'नीड्स प्रॅक्टिस'. मैत्रीण रडकुंडीला आलेली. "अगं, हिला कुठल्या थेरपीला नेऊ का?"

मी म्हटलं, "तीन वर्षांच्या पोरीनं बंद गोळा काढलाय ना? मग ती पास आहे. नापास झालाय तो कागद."

हे शहाणपण माझं नाही. ते माझ्या काकूचं. काकू जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावी अंगणवाडी सेविका आहे. मी दर सुट्टीत माहेरी गेले की दोन-तीन सकाळी तिच्या खोलीत कोपऱ्यात बसून असते. लॅपटॉप बंद, मोबाइलला रेंज नाही. याहून चांगला वीकेंड मला तरी माहीत नाही.

जालन्याला जुनी माणसं 'सोने का पालना' म्हणतात. बाजारपेठेचं गाव, पुढे बियाणं कंपन्या आल्या, स्टीलच्या रोलिंग मिल आल्या, आमच्याकडच्या मोसंबीला जीआय टॅग मिळाला. सगळं ठीक आहे, पण पाळण्यातून उतरलेलं लेकरू जातं कुठे, ते त्या म्हणीत नाही. आमच्या गावात ते काकूच्या खोलीत येतं.

खोली एकच. एक सतरंजी, एक वजनकाटा, भिंतीवर अंक आणि फळं, कोपऱ्यात पोषण आहाराची भांडी. पटावर वीस-बावीस लेकरं. कुणी तीन वर्षांचं, कुणी पाच पूर्ण करून पहिलीच्या उंबरठ्यावर आलेलं. आपल्या शहरी भाषेत सांगायचं तर प्लेग्रुप, ज्युनिअर केजी आणि सिनिअर केजी एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच बाईकडे. तुम्ही-आम्ही असा प्रोजेक्ट मॅनेज करायचा म्हटलं तर पहिल्याच दिवशी एचआरला मेल टाकू.

तीनचं लेकरू काही करत नाही?

पहिल्या सकाळी मला सगळ्यात 'बिनकामाची' वाटली ती तीनची मंडळी. एक दाराला चिकटून रडतंय. दोघं शेजारी-शेजारी ठोकळे रचताहेत, पण एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत. एक नुसतंच उभं, तोंडात बोट.

"काकू, हा खेळतच नाही गं."

"खेळंना म्हणून काळजी करू नको. ते बघायलंय," काकू म्हणाली. "आठ दिस बघंल आन् मग एकदम घुसंल."

याला शास्त्रात नाव आहे, हे मला नंतर कळलं. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेनं १९३२ साली नर्सरीतल्या मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले. नुसतं बघणं हा त्यातला एक प्रकार आहे. शेजारी बसून आपापलं खेळणं हा दुसरा. एकत्र येऊन, कामं वाटून घेऊन खेळणं नंतर वाढत जातं. म्हणजे तीनच्या पोराला 'शेअर कर, शेअर कर' म्हणून आपण जे डोकं खातो ना, ते जरा लवकरच असतं. त्याला आधी खेळण्याचे दोन सारखे डबे द्या. काकूकडे बाटलीच्या झाकणांचे दोन डबे आहेत, तेवढ्यासाठीच.

आता त्या 'ए'कडे येऊ. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती हाडं नसतातच, नुसती कूर्चा असते. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यातली दोन-तीनच हाडं तयार झालेली असतात आणि बाकीची बहुतेक पुढच्या तीन-चार वर्षांत होतात. तीनचं पोर खडू मुठीत धरतं तेही याच वयाला साजेसं, कारण त्याचा हात खांद्यापासून फिरतो, बोटांपर्यंत कंट्रोल अजून उतरलेला नसतो. साधारण तीनला गोळा, चारच्या पुढे चौकोन, पाचच्या सुमाराला त्रिकोण, असा क्रम आहे. 'ए' म्हणजे काय, डोक्यावरचा त्रिकोणच की! मैत्रिणीच्या लेकीला दोन वर्षं आधीचा पेपर दिला होता.

मग तीनच्या हातांना काकू काय देते? पाणी. एका तांब्यातलं दुसऱ्या तांब्यात ओतायचं, सांडायचं, पुन्हा ओतायचं. ओली माती. कणकेचा गोळा. आणि मोठ्या मण्यांची माळ ओवायची. छोट्या बिया तीनच्या हाती ती एकटं ठेवून देत नाही. बियाण्याच्या जिल्ह्यात तूर-सोयाबीनला काय तोटा, पण नाकात गेलेला दाणा काढायला तालुक्याला पळावं लागतं.

बिस्किटाच्या पुड्यात चिंचोके

चारचं वय मला सगळ्यात भारी वाटतं. तोंड बंदच होत नाही. का, कामून, कशामुळं. भांडणंही याच वयाची. आणि याच वयात लेकरं पहिल्यांदा नीट खोटं बोलायला शिकतात! आईबाप हादरतात, पण बातमी मुळात चांगली असते. समोरच्याला जे माहीत आहे ते मला माहीत असलेल्यापेक्षा वेगळं असू शकतं, हे कळल्याशिवाय खोटं बोलता येत नाही. विमर आणि पर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली हे मुलांना गोष्ट सांगून तपासलं होतं आणि चारच्या आसपास ही खिडकी उघडते, असं त्यानंतर अनेकांनी पाहिलं.

मी ते गावात करून बघितलं. बिस्किटाचा रिकामा पुडा घेतला, आत चिंचोके भरले. एकेका लेकराला आधी विचारलं, आत काय? सगळे म्हणाले बिस्कीट. मग उघडून दाखवलं, पुन्हा बंद केला आणि म्हटलं, "मदतनीस मावशी बाहेर आहेत, त्यांनी हा बघितला नाही. त्यांना विचारलं, तर त्या काय सांगतील?" तीनची पोरं ठामपणे म्हणाली, चिंचोके. आपल्याला माहीत आहे म्हणजे मावशीलाही माहीत, विषय संपला. साडेचारची एक चिमुरडी मात्र गालात हसली आणि म्हणाली, "बिस्कीट म्हणतील. फसतील त्या!" घरी करून बघा, फुकटातला टाइमपास आहे.

हीच खिडकी उघडली की नाटकाचा खेळ रंगतो. शहरात पोरं डॉक्टर-डॉक्टर खेळतात, मॉल-मॉल खेळतात. काकूच्या अंगणात तीन-चार पोरं काय खेळत होती? एकजण खुर्चीवर मुकादम. बाकीचे एकेक करून समोर येणार, तो पानं मोजून हातावर ठेवणार. ती पानं म्हणजे उचल. मग सगळे काटक्यांचे कोयते घेऊन उभ्या गवतावर तुटून पडणार. एक मुलगी बाहुलीला झाडाखाली झोपवून आली होती, मधूनमधून मागे वळून बघत होती. मी हसत होते, काकू हसत नव्हती. उसाकडे मी पुढे येतेच.

चारच्या वयात काकू खेळ मोडत नाही, खेळात शब्द घालते. किती पानं दिली? कुणाला जास्त मिळाली? तो रागावला का? पोरं उत्तरं देता देता मोजतात, भांडतात, मिटवतात. यात तांड्यावरची लेकरंही असतात, जी घरी गोरमाटी बोलतात. आईला 'याडी' म्हणणारं लेकरू पहिल्यांदा मराठीच्या खोलीत येतं तेव्हा ते मुकं नसतं, नुसतं पाहुणं असतं. काकूनं कामापुरती गोरमाटी शिकून घेतली आहे. कुठल्याही ट्रेनिंगमध्ये नाही, तांड्यावरच्या बायकांकडून.

'चार दे' म्हटलं तर

तीनचं पोर दहापर्यंत घडाघडा म्हणतं आणि आपण त्याचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकतो. काकूची टेस्ट वेगळी. चिंचोक्यांची वाटी पुढे करायची आणि म्हणायचं, "मला चार दे." तीनचं पोर मूठभर देतं. एक-दोन-तीन हे त्याच्यासाठी गाणं असतं, मोजणं नव्हे. शेवटचा आकडा म्हणजे एकूण किती, हे कळायला बहुतेकांना चारच्या आसपास यावं लागतं. पाचचं लेकरू चार मोजून देतं आणि वर विचारतं, "आजून पायजे का?"

पाचच्या मंडळींची सकाळ म्हणूनच वेगळी असते. सरकी, तूर, सोयाबीन, ज्वारी एकत्र केलेली परात आणि चार वाट्या, निवडा. चिमटीत एकेक दाणा धरायचा, हाच पेन्सिल धरायचा सराव. 'क'पासून सुरू होणारी नावं सांगा. ऐकलेली गोष्ट उलटी सांगा. नियमांचा खेळ, ज्यात आउट झालं की बाजूला बसावं लागतं आणि रडायचं नाही. (यातलं शेवटचं आमच्या ऑफिसात अजून बऱ्याच जणांना जमत नाही.)

अक्षरं? येतात. वर्षाच्या शेवटी, मातीत बोटानं, ज्याला हवी त्याला. 'लेकराला लिहायला कधी शिकवणार?' म्हणून गावातले बापही काकूच्या मागे लागतातच. त्या गावात आता पिवळी व्हॅन येते, इंग्लिश मीडियमच्या केजीची, आणि तिच्यातली पोरं वह्या भरून आणतात. काकूच्या लेकरांच्या हातात घरी जाताना चिखल असतो. स्पर्धा अवघड आहे!

खरं तर सरकारी कागद काकूच्या बाजूनं आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला, खेळातून शिकण्याचा. राज्यात 'आकार' नावाचा अंगणवाडीचा अभ्यासक्रम आला, २०२४ साली केंद्राचा 'आधारशिला' आला. पुस्तिकांमध्ये वयानुसार खेळ लिहिलेले आहेत. पण त्या पुस्तिका ज्या बाईनं उघडायच्या, तिलाच वजनं घ्यायची आहेत, गरोदर बायकांच्या घरी जायचं आहे, पोषण ट्रॅकर अ‍ॅप भरायचं आहे, लसीकरणाला लेकरं जमवायची आहेत. काकू बालवर्गाला दिवसातले दोन सलग तास मिळावेत म्हणून अक्षरशः चोरी करते. अ‍ॅप ती रात्री घरी भरते.

एकाच खोलीत तीन वयं असणं ही अडचण की सोय? दोन्ही. मारिया माँटेसरीनं १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं आणि तिच्या पद्धतीत तीन ते सहाची मुलं मुद्दाम एकत्र ठेवतात. धाकटं मोठ्याला बघून शिकतं, मोठं धाकट्याला शिकवताना पक्कं होतं. पुण्यात याच 'मिक्स्ड एज' वर्गाची शाळा वेगळी फी घेते. काकूकडे ते गरजेपोटी आहे आणि आपोआप चालत नाही. गाणी सगळ्यांची एकत्र. मग पाचवाले परातीपाशी, चारवाले मदतनीस मावशींबरोबर अंगणात, तीनवाले काकूजवळ. ती एक दिवस मीटिंगला गेली की तीनवाले तुडवले जातात आणि पाचवाले कंटाळून भिंतीवर चढतात.

तेव्हा मंडळी, येत्या सीझनला शाळा बघायला जाल, तर एसी आणि सीसीटीव्ही बघून झाल्यावर एक काम करा. तीनच्या वर्गात किती वह्या आहेत ते बघा, जितक्या कमी तितकं बरं. पाण्याची, मातीची जागा आहे का बघा. पाचच्या वर्गात बाई जास्त बोलतात की मुलं, तेवढं ऐका. आणि रडणाऱ्या पोराला काय म्हणतात, तेही. काकू म्हणते, "तीनचं रडतंय म्हंजी त्याला आई आठवायली. त्यात काय वाईट हाय?"

दिवाळीनंतर

आता ऊस. आमचा घनसावंगी, शेजारचे अंबड, मंठा, परतूर, सगळीकडून दिवाळीच्या आगेमागे ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता', हिशेब तसाच होतो. परत यायला मार्च, कधी एप्रिल. आजी-आजोबा धडधाकट असतील तर लेकरू मागे राहतं, नाही तर कोपीवर जातं.

हिशेब करून बघा. तीन ते सहा म्हणजे छत्तीस महिने. त्यात तीन हंगाम, प्रत्येक पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे पंधरा ते अठरा महिने त्या लेकराला ना परात, ना गोष्ट, ना काकू. आपण आपल्या पोरांकडून तीनला पाचचं करून घेतो, आणि ही पोरं सहा वर्षांची होऊन पहिलीत बसतात तेव्हा त्यांचं चारचं वय जगायचं राहून गेलेलं असतं.

मोठ्यांसाठी थोडीफार व्यवस्था आहे. गावातच राहून शिकणाऱ्यांना हंगामी वसतिगृहं, पाचवीच्या पुढच्यांसाठी ऊसतोड कामगारांच्या मुलांची वसतिगृहं, कारखान्यांवरच्या साखरशाळा. पण शिक्षणहक्काचा कायदा सहाव्या वर्षी सुरू होतो आणि तीन वर्षांचं पोर काय वसतिगृहात ठेवणार? स्थलांतर करणाऱ्या मातांची आणि बालकांची नोंद राहावी म्हणून राज्यानं एक ट्रॅकिंग सिस्टीम केली. तिच्या सुरुवातीच्या चाचणीच्या जिल्ह्यांत आमचं जालनाही होतं. चांगलीच गोष्ट आहे. जिथं जाल तिथल्या अंगणवाडीत आहार मिळावा, हा उद्देश. पण तिथली अंगणवाडी गावात असते आणि कोप्या फडाजवळ.

गंमत बघा, 'अंगणवाडी' हा शब्द नेमका याच अडचणीतून जन्मला. ताराबाई मोडक १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आल्या (आता तो भाग पालघर जिल्ह्यात आहे). बालवाडी काढली, पण आदिवासी पाड्यावरची लेकरं बालवाडीपर्यंत येईनात. मग ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच उचलून पाड्यावर घेऊन गेल्या, झोपड्यांच्या अंगणात. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी पुढे कुरणशाळा झाल्या. २ ऑक्टोबर १९७५ला देशभरची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना हाच शब्द मिळाला. शब्द देशभर गेला, पण अंगणाचा अर्थ पक्क्या खोलीत राहिला. उसाच्या फडाचं अंगण कुठलं, हे ठरवायला पन्नास वर्षांत फारसं कुणी बसलेलं दिसत नाही. आमच्याच जिल्ह्यात, अंबड तालुक्यात अंकुशनगरला साखर कारखाना आहे. म्हणजे आम्ही तोडकरी पाठवणारेही आणि बोलावणारेही.

काकूच्या पटावरची सहा नावं संक्रांतीला गावात नव्हती. ती त्यांना फोन लावते, आठवड्यातून एकदा, संध्याकाळी सातनंतर, कारण त्याआधी आया फडातून आलेल्या नसतात. तिळगूळ वाटून झाल्यावर मी शेजारी बसले होते. स्पीकर चालू.

"कुठं हायेस गं? गाव कोणतं?"

"गाव ठाव न्हाई बाई. कारखान्याचं नाव सांगू का?"

"अंगणवाडी हाय का जवळ?"

"हाय म्हणत्यात, गावात. दोन किलोमीटर पडतंय. आमी पहाटं चारला निघतो. ह्याला कोण नेणार आन् कोण आणणार?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं, काकूकडेही नव्हतं. मग फोन मोठ्या पोरीच्या हातात गेला. ती पाच वर्षांची. दिवसभर तीनचा भाऊ तिच्याकडे असतो. काकूनं जाताना दोघांना चिंचोक्यांची पुरचुंडी बांधून दिली होती.

"बाई, त्याला काईच येत न्हाई," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. "चार दे म्हटलं की मूठभर देतो."

"देऊ दे," काकू म्हणाली. "तीनचा हाय तो. तू मोज."